सोळा पानं आणि एकच शेगडी

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. माहेर सोलापूरचं, लिंगायत, पूर्ण शाकाहारी. सासर मालवणकडचं, तिथे मासळीशिवाय घास उतरत नाही. ताई स्वतः शाकाहारीच राहिल्या, मुलगा मात्र चिकनवर जीव टाकतो. जानेवारीतल्या एका शनिवारी त्याचा आठवा वाढदिवस सोसायटीच्या गच्चीवर करायचा बेत आहे, यजमानांनी नुकत्याच घेतलेल्या कोळशाच्या बार्बेक्यूवर. माणसं सोळा. नऊ मांसाहारी, सात शाकाहारी, आणि त्या सातांत बहिणीचा नवरा जैन.

ताई लिहितात: "आमचे हे म्हणतात, एका बाजूला चिकन लावू, दुसऱ्या बाजूला पनीर, आगीत सगळं शुद्ध होतं. सासूबाई म्हणतात, त्या लोकांसाठी खाली घरात पावभाजी करून ठेव, कटकट नको. आई काहीच म्हणत नाही. 'आम्हाला काहीही चालेल गं' एवढंच. पण मागे असंच जेवण होतं तेव्हा तिने काकडीच्या दोन चकत्या खाल्ल्या आणि 'मला भूकच नाही' म्हणाली. दोन्हीकडच्या लोकांना चालेल, शेगडीवर होईल आणि मुख्य जेवण म्हणून शोभेल असा एखादा पदार्थ सांगाल का? पनीर टिक्का सोडून सांगा, तो सगळीकडेच असतो."

ताई,

तुम्ही पदार्थ विचारलात, तो मी सांगणार आहे. पण पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं की तुमचं घोडं पदार्थापाशी अडलेलंच नाही. ते अडलंय जाळीपाशी, चिमट्यापाशी आणि आईच्या त्या 'काहीही चालेल'पाशी. तेवढं सुटलं की पदार्थ सुचायला वेळ लागत नाही.

आधी तुमचा हिशेब तपासू. नऊ मांसाहारी, असं तुम्ही लिहिलंत आणि वार शनिवार. या नवांत शनिवार पाळणारं कोणी नाही, हे विचारून घेतलंय का? आपल्याकडे कोणाचा सोमवार असतो, कोणाचा गुरुवार, कोणाचा मारुतीचा शनिवार, आणि संकष्टी-एकादशी वेगळ्याच. नवांतले तीन जण त्या दिवशी हात आखडून बसले तर तुमची बेरीज कोसळते आणि दीड किलो चिकन दुसऱ्या दिवशीच्या डब्यात जातं. शक्य असेल तर रविवार धरा, भिंतीवरचं कॅलेंडर एकदा बघा आणि सासरी फोन करून नीट विचारा.

हे नुसतं तारखेसाठी सांगत नाही. आपल्या घरांतली मांसाहारी माणसं आठवड्यातले निम्मे दिवस शाकाहारीच जेवतात आणि आवडीने जेवतात. म्हणजे तुमच्या गच्चीवर नऊ विरुद्ध सात असा सामना नाहीये. भाजलेलं पनीर समोरून गेलं की चिकनवाले ते उचलणारच. अशा जेवणांत शाकाहारी मंडळी उपाशी राहतात त्याचं सगळ्यांत साधं कारण हेच: जेवण घालणारे सात जणांपुरतं पनीर आणतात आणि ते सोळा जण खातात. चिकन नऊ जणांपुरतं असतं आणि नऊच जण खातात. म्हणून पहिला नियम असा, की शाकाहारी पदार्थ सोळा जणांच्या मापाने करायचे आणि मांसाहारी नवांच्या. उलट कधीच नाही.

आता 'दोघांना चालेल असा एक मुख्य पदार्थ'. हा एक पदार्थ शोधायचा अट्टहास का, हे जरा स्वतःला विचारून बघा. आपल्या ताटात एकच राजा आणि बाकी सगळे हुजरे अशी व्यवस्था नसते. भाकरी असते, तिच्याबरोबर दोन भाज्या, उजवीकडे काही, डावीकडे चटणी-कोशिंबीर, आणि जेवणारा आपापल्या मर्जीने जुळवून घेतो. बार्बेक्यू घरात आला की आपण नकळत वेगळी रचना स्वीकारतो: मधोमध मांसाचा मोठा तुकडा आणि कडेला सजावटीपुरत्या भाज्या. त्या रचनेतून मांस काढलं की शाकाहाऱ्याच्या पानात फक्त सजावट उरते. मग आपण त्या रिकाम्या जागेत पनीरचा तुकडा ठेवतो, किंवा सोयाचाप ठेवून "अगदी चिकनसारखं लागतं" असं कौतुकाने सांगतो. जन्मभर मांस न खाल्लेल्या तुमच्या आईला चिकनसारखं लागणारं काही कशाला हवंय?

म्हणून रचना उलटी करू. सोळाही पानांत आधी शाकाहारी जेवण पूर्ण वाढायचं, पोट भरेल इतकं. त्याच्यावर नऊ पानांत चिकन किंवा मासा येईल. ज्याला नको त्याच्या पानात काही उणं दिसणार नाही.

हे मी काही नवीन सांगत नाही. हिवाळ्यात उघड्यावर भाजून खाण्याची आपली जी जेवणं आहेत त्यांत हाच प्रकार आहे. खानदेशात भरीत पार्टी होते, त्यात भरीत हेच जेवण असतं आणि पट्टीचे मटण खाणारे त्यावर तुटून पडतात. रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ-ओवा, पाण्याचा थेंब नाही, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. त्यात चिकन आणि अंडी घालणारे घालतात. शाकाहारी मंडळी असली की मडकं दुसरं लावायचं, भांडण संपलं. एकाच मडक्यात मधे पानाचा पडदा घालून अर्धं-अर्धं करू या, असं तिथे कोणी सुचवत नाही.

तिथून तुमच्या यजमानांच्या मुद्द्याकडे येते. आगीत सगळं शुद्ध होतं हे त्यांचं म्हणणं जंतूंपुरतं बरोबर आहे. कोंबडीच्या तुकड्याच्या गाभ्यात ७४ अंश सेल्सिअस तापमान पोचलं की धास्तीचं कारण उरत नाही. पण तुमच्या आईचा आक्षेप जंतूंना नाहीच. चिकनची चरबी जाळीवर ओघळते, करपून चिकटते, ठिणगीबरोबर उडते, आणि शेजारच्या पनीरला तो वास लागतो. चिकन खाणाऱ्याला तो वास म्हणजे चव. न खाणाऱ्याला तोच वास आला की अन्नावरची वासना उडते. ते पटवून देण्यासारखं नाही आणि त्यांनी पटवून घ्यावं अशी अपेक्षाही नको. शिवाय जंतूंच्या बाबतीतही एक पळवाट राहते. ज्या चिमट्याने कच्चं चिकन जाळीवर ठेवलं त्याच चिमट्याने तयार पनीर उचललं, तर ते पनीर काही पुन्हा आगीवर जात नाही, ते थेट पानात जातं. तेव्हा यजमानांना सांगा की मुद्दा अर्धा मान्य आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरा चिमटा आणावा लागेल.

सासूबाईंची पावभाजी मला कटकट टाळण्याची सूचना वाटली, हेटाळणी नाही. पावभाजी वाईट नाही. वाईट आहे ते 'खाली घरात'. वर गच्चीवर गप्पा, धूर, पोरांचा गोंधळ, आणि सात माणसं ट्यूबलाइटखाली पाव खाताहेत, त्यांत वाढदिवसाच्या मुलाची आई आणि आजी-आजोबा. तुम्हाला स्वतःला हे पटलेलं नाही म्हणूनच पत्र लिहिलंत.

मग सरसकट शाकाहारी संध्याकाळ का नको? हा पर्याय तुमच्या पत्रात नाही, म्हणून मी मांडते. एका जेवणात मांस नसल्याने कोणाचं काही बिघडत नाही. तुमच्याकडे खरोखर एकच शेगडी असती, दुसरी मिळण्याची शक्यता नसती, तर मी हाच सल्ला दिला असता. पण इथे वाढदिवस ज्याचा आहे त्याला चिकनचा लेगपीस हवा आहे. आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या दिवशी तो मिळावा. आणि आजोळमुळे आपल्याला तो मिळाला नाही, असं त्याच्या मनात बसायला नको.

म्हणून उपाय दोन शेगड्यांचा. नव्या बार्बेक्यूवर यजमानांनी आधीच दोनदा चिकन केलं असेल तर तो त्यांचाच राहू दे. शाकाहारी बाजूला साधी लोखंडी शेगडी घ्या. भांड्यांच्या बाजारात ती अजून मिळते आणि बार्बेक्यूच्या मानाने फारच स्वस्त पडते. तिच्यावर नवी जाळी, नवा चिमटा, वेगळा ब्रश, वेगळं ताट. चिमट्याच्या मुठीला हिरवी रिबन बांधा. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यामुळे ती खूण लहान पोरालाही कळते. दोन शेगड्यांत चार-पाच हात अंतर ठेवा आणि वारा कुठून येतो ते पाहून शाकाहारी शेगडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा, म्हणजे चिकनचा धूर तिच्यावरून जाणार नाही. गच्चीसाठी सोसायटीच्या सचिवांना आधी कळवून ठेवा. आणि पाऊस आला, थंडी वाढली, काहीही झालं तरी पेटलेली शेगडी बंद बाल्कनीत किंवा खोलीत आणायची नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

आता आईचं. "तुला चालेल ना?" असा प्रश्न विचारू नका. मुलीच्या सासरच्या कार्यक्रमात या प्रश्नाला आईकडून एकच उत्तर येतं आणि ते तुम्हाला मिळालेलं आहे. त्याऐवजी विचारा, "आई, कसं केलं तर तू पोटभर जेवशील?" हवं तर पर्याय समोर ठेवा: शेगडी वेगळी असेल तर चालेल, की भांडीसुद्धा घरून वेगळी आणू, की चिकन नंतर सुरू केलेलं बरं? काहींना एका टेबलावर बसायला हरकत नसते, फक्त पळी वेगळी हवी असते. काहींना समोर हाडं नको असतात. अंदाज बांधत बसण्यापेक्षा विचारलेलं बरं. आणि एक काम त्यांच्यावर सोपवा. सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांनी आणायची. कडक भाकरी चांगली टिकते, गच्चीवर गरम करायची गरज नाही, भाजलेल्या वांग्याबरोबर ती जी लागते ती लागतेच. ज्या जेवणात आपल्या हातचं काही आहे त्या जेवणात माणूस परक्यासारखा बसत नाही. मऊ भाकरी हवी असेल तर जवळच्या पोळीभाजी केंद्रातून तीसेक सांगून ठेवा. सोळा जणांच्या भाकरी थापत बसलात तर तुमच्याच वाट्याला गच्ची येणार नाही.

बहिणीच्या यजमानांनाही स्वतः फोन करा. जैनांत प्रत्येक जण किती पाळतो ते वेगवेगळं असतं. कांदा, लसूण, बटाटा, आलं नको हे आपल्याला माहीत असतं. पण सुरणसुद्धा कंद आहे, मशरूम अनेकांना चालत नाही, आणि वांगं पुष्कळ बियांमुळे काही घरांत वर्ज्य असतं. म्हणजे मी पुढे सांगणार आहे ते भरीत आणि सुरण, तुम्ही मोठ्या हौसेने केलेले दोन्ही पदार्थ, त्यांना न चालण्याची शक्यता आहे. सूर्यास्तानंतर जेवत नसतील तर तेही आत्ताच कळायला हवं. जानेवारीत पुण्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यांच्यासाठी पनीर, सिमला मिरची, टोमॅटो, मक्याचं कणीस आणि कच्ची केळी असा बेत ठेवा. केळी सालासकट आठ-दहा मिनिटं उकडून, सोलून, जाड तिरक्या चकत्या करून मसाला लावायचा. आल्याच्या जागी सुंठ, लसणाच्या जागी हिंग आणि भरपूर मिरी-जिरं. हे सगळ्यांत आधी भाजा, आणि तुमच्या दृष्टीनेही ते सोयीचं आहे, कारण कोरी शेगडी त्यांच्या वाट्याला येते.

आता एकदाचे पदार्थ. माझ्या मते तुमच्या जेवणाचा कणा भरीत आणि सुरण असावा.

भरितासाठी मोठी, बी कमी असलेली वांगी घ्या. जळगावकडची फिकट हिरवी मिळाली तर सोन्याहून पिवळं, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. नाहीतर जांभळी मोठी चालतील. सोळा जणांना अडीच-तीन किलो लागतील, कारण साल आणि पाणी गेल्यावर ऐवज बराच आटतो. वांग्याला सुरीने चार-पाच टोचे मारा, नाहीतर निखाऱ्यावर फुटतं. तेलाचा हात लावून थेट जाळीवर, मधूनमधून फिरवत वीस-पंचवीस मिनिटं. साल पूर्ण काळी होऊन वांगं आतून खचलं पाहिजे. भित्रेपणाने अर्धवट भाजलेलं वांगं कितीही फोडणी घातली तरी सुधारत नाही. खानदेशात पऱ्हाट्या-तुराट्यांच्या, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजतात, तुमच्याकडे कोळसा आहे, तोही उत्तम. उतरवल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. मग ठेचून त्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे. हे वांगं दुपारीही भाजून ठेवता येतं, पण गच्चीवर सगळ्यांसमोर भाजलं तर त्याचा वासच निम्मं आमंत्रण आहे.

सुरण हा खरा मानकरी, आणि तो कोकणातून येतो म्हणून सासरचेही खूश. कोकणात मासे वर्ज्य असलेल्या दिवसांत सुरणाची, नीरफणसाची कापं रवा लावून तव्यावर करतात. तीच चाल शेगडीवर आणायची. दीड किलो सुरण सोलून बोटाएवढ्या जाडीची कापं करा. हाताला तेल लावा, खाज येते. मीठ आणि सात-आठ आमसुलं घातलेल्या पाण्यात उकडा. आंबटपणाने सुरणाची खाज मरते. सुरी जेमतेम शिरली की काढा, पूर्ण मऊ झालेलं काप जाळीवर तुटतं. निथळून घेऊन मालवणी मसाला, हळद, मीठ, तांदळाची पिठी आणि तेल यांचा लेप लावा. हा मसाला यजमानांनी लावावा, सासूबाईंच्या डब्यातला, पण त्यातला चमचा आधी चिकनमध्ये बुडवून मग नाही. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं, कडा करकरीत होईपर्यंत. लिंबू पिळून भाकरीबरोबर द्या. "माशासारखं लागतं" असं मात्र कोणी म्हणू नका. ते सुरणासारखं लागतं आणि तेवढं पुरतं.

पनीर टिक्का सोडून, असं तुम्ही लिहिलंत. मी तुमचं ऐकणार नाही. पनीर सगळीकडे असतं ही तक्रार खरी, पण सगळीकडे ते वाईट केलेलं असतं ही त्याहून मोठी तक्रार आहे. आणि भरीत-सुरणात प्रथिनं जवळजवळ नाहीत. तीन तास गच्चीवर असलेल्या माणसाला नुसत्या भाज्यांवर भूक लागते. पनीर शेगडीसाठी गुणी आहे, कारण ते दूध तापवून, आंबट घालून फाडलेलं असतं आणि चीजसारखं वितळत नाही. बिघडतं ते दोन कारणांनी: पातळ दह्यात तासन्‌तास बुडवल्याने आणि जास्त भाजल्याने. म्हणून दही नको, श्रीखंडाला घेतो तसा चक्का घ्या. सोळा जणांना दीड किलो पनीर. त्याला सहाशे ग्रॅम चक्का, चार मोठे चमचे भाजलेलं बेसन (ते पाणी धरून ठेवतं), चार चमचे तेल, काश्मिरी मिरचीपूड, हळद, जिरंपूड, चुरलेली कसुरी मेथी आणि मीठ. मसाला पनीरच्या आत फारसा शिरत नाही, तेव्हा अर्धा तास पुरतो, रात्रभर मुरवून फक्त पाणी सुटतं. आणि कृपा करून पनीर, कांदा, सिमला मिरची एका सळईवर ओवू नका. ती फोटोची सोय आहे. पनीर लवकर होतं, मिरचीला जास्त वेळ लागतो, आणि कांदा शेवटपर्यंत कच्चाच. पनीरच्या बोटभर जाड, तळहाताएवढ्या वड्या कापून जाळीवर टाका, दोन-तीन मिनिटांनी उलटा, रंग आला की उचला. भाज्या वेगळ्या भाजा.

चक्क्याचं हेच मिश्रण चिकनलाही चालतं. दुप्पट मापाने एकदम करा, पण कच्च्या चिकनला हात लागायच्या आत दोन पातेल्यांत वाटून घ्या, आणि चिकनच्या पातेल्यात आलं-लसूण-लिंबू वाढवा. नवांना दीड किलो चिकन भरपूर होईल, त्यात मुलांसाठी काही लेगपीस. मांडीचं मांस घ्या, छातीचं कोरडं पडतं. लेगपीसला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्या आणि निखारे एका बाजूला सारून आधी कमी आचेवर झाकून शिजवा, शेवटी थेट आचेवर रंग आणा. बाहेरून काळं आणि हाडाशी गुलाबी, असं लहान मुलांच्या पानात जायला नको. शंका असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, तो महाग नसतो. उरलेला कच्चा मसाला चिकनवर पुन्हा फासायचा नाही, टाकून द्यायचा. भाजायला घेईपर्यंत पातेलं फ्रिजमध्येच. मासा हवा असेल तर बांगडा केळीच्या पानात गुंडाळून, आणि तोही अगदी शेवटी. बांगड्याच्या तेलाचा वास जिद्दी असतो.

संध्याकाळ कशी लावायची ते सांगते. साडेचारला शाकाहारी शेगडी पेटवा. निखाऱ्यांवर राखाडी थर यायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि ज्वाळा असताना भाजायला घेऊ नये, सगळं बाहेरून जळतं. तळहात जाळीच्या वर वीतभर धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर आच जबर, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम. सव्वापाचला जैन पाहुण्यांचं पनीर, केळी, कणीस. पोरंही कणसावर पडतील, पडू द्या. त्यांचं आटोपलं की तीच शेगडी सगळ्यांची. आधी भराभर पनीर, मग सुरण, आणि वांगी कडेला या फेरीच्या सुरुवातीपासूनच. दुसरी शेगडी सहाला पेटवा, म्हणजे पावणेसातला चिकन लागेल. तोवर सोळाही जणांच्या पोटात काही ना काही गेलेलं असेल आणि शाकाहारी मंडळी भरीत-भाकरीपर्यंत पोचलेली असतील. चिकनवाल्यांना शेवटी जेवावं लागतं, पण तेही तोवर उपाशी नसतात, एवढा फरक आहे. अशा जेवणात बहुतेक वेळा उलटं होतं. चिकनला वेळ लागतो म्हणून ते आधी चढतं, आणि पनीरवाले रिकामं ताट घेऊन तासभर उभे राहतात.

दोन शेगड्यांवर दोन माणसं हवीत, आणि एकाने दोन्हीकडे पळायचं नाही. चिकनवर यजमान. शाकाहारी शेगडीवर तुम्ही नको, तुम्हाला हजार कामं असतील. तुमचे वडील किंवा बहीण उभी राहील का ते बघा. नाहीतर मांसाहारी दीर, हात धुऊन. त्याला काही हरकत नसते.

बारीकसारीक दोन गोष्टी. पोरांसाठी मार्शमेलो आणणार असाल तर पाकिटावरची खूण बघा. बहुतेक मार्शमेलोंत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून येतं. वूस्टरशर सॉसच्या मूळ कृतीत मासा असतो, भारतात शाकाहारी बाटल्याही मिळतात, ठिपका पाहून घ्या.

हा सल्ला ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनाही लागू आहे. ओव्हन २२० अंशांवर चांगला तापवून सुरण-पनीर होतं, वरच्या खणात शाकाहारी ट्रे आणि खालच्यात चिकन, पण तेही शाकाहारी पाहुण्यांना विचारूनच. नाहीतर शाकाहारी ट्रे आधी काढून घ्या. बिडाच्या तव्यावर कापं शेगडीच्या तोडीची होतात. धुराची चव हवी असेल तर पदार्थाच्या पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात लाल निखारा, वर तूप, आणि पाच मिनिटं झाकण. अमेरिकेतल्या काही वाचकांना उद्यानांतले सार्वजनिक ग्रिल वापरावे लागतात. त्या जाळीवर आधी काय भाजलं गेलं असेल ते सांगायला नको. घरचा बिडाचा तवा सोबत न्या आणि जाळीवर ठेवून त्याच्यावर करा, प्रश्नच मिटतो. पनीरऐवजी तिकडे हलुमी हे भाजता येणारं चीज घेणार असाल तर त्यातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा घटक, शाकाहारी आहे का ते वेष्टनावर वाचा.

आणि जेवण उरकल्यावर निखारे लगेच कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. राखेखाली ते रात्रभर जिवंत राहतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवा, वर पाणी मारा, आणि सकाळी हात लावून गार झाले असतील तरच खाली न्या. जाळ्या मात्र त्याच रात्री घासा. हिरव्या रिबनच्या चिमट्याची जाळी वेगळ्या घासणीने, आणि ती घासणीही त्या चिमट्याबरोबरच बांधून ठेवा.